खारशेतचे तीस हजार शेअर

शनिवार, दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटं. पाणी माझ्या गुडघ्यांना लागलं होतं आणि अजून चढत होतं.

"अजून वीसेक मिनिटं चढंल," भिकाजी गुरव म्हणाले. "उद्या पुनव. उद्या याच्यावर वीतभर."

ते माझ्यापुढे दहा पावलांवर पंचा वर खोचून उभे होते. साठी उलटलेला काटक माणूस. खारशेतच्या गावदेवीची पूजा त्यांच्या घराण्याकडे होती आणि गाव त्यांना नाना म्हणे. माझ्या एका हातात चपला होत्या, दुसऱ्या हातात कंपनीचा नकाशा. मी उभी होते ती जागा नकाशात पिवळ्या रंगाने भरली होती आणि तिच्यावर छापलं होतं: विकसनयोग्य जमीन, चौसष्ट एकर.

"नकाशा काय म्हणतो?" यशवंत नाखवांनी बांधावरूनच विचारलं. ते पाण्यात उतरले नव्हते. गुडघे दुखतात म्हणाले.

"इथे हॉटेल होणार आहे म्हणतो. आणि कचेऱ्या."

"मग गिऱ्हाइकाला खोलीपर्यंत न्यायला आमच्याच होड्या लागतील. बरं झालं. तेवढाच धंदा."

नाना हसले नाहीत. त्यांनी पाण्यात हात घातला आणि तळाचा चिखल मुठीत वर काढून दाखवला. "आज्यानं इथं बांध घातला. बापानं घातला. मी घातला. तिन्ही येळा उधाणानं नेला. इथं दर्याचं चालतं, बाई."

तेवढ्यात आमच्या डोक्यावरून विमान उतरलं. पाण्यावर बारीक शहारा उठला आणि विरला.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा मुंबईतल्या एका लहान दलाली पेढीत होते. कंपन्यांचे अहवाल वाचायचे, त्यांच्या शेअरची वाजवी किंमत काढायची आणि गिऱ्हाइकांसाठी टिपण लिहायचं, हे माझं काम. किनारा एअरपोर्ट्स या कंपनीवर माझं टिपण त्या महिन्यात गेलं होतं. बाजारात भाव सातशे एकतीस, माझ्या हिशेबाने वाजवी किंमत साडेपाचशे. शेअर महाग आहे. एका मराठी दैनिकाने त्यातले चार परिच्छेद छापले आणि मंगळवारी ऑफिसात फोन आला.

"दिघेबाई का? मी खारशेतवरून यशवंत नाखवा बोलतो. आमच्या विमानतळाबद्दल तुम्ही लिवलंय."

"हो."

"तुम्ही बघितलाय तो?"

"दोनदा उतरले आहे तिथे."

"म्हणजे आतून बघितलाय. आता बाहेरून या."

नाखवा गावच्या ग्रामविकास मंडळाचे अध्यक्ष होते. फोनवर त्यांनी सगळं पाच मिनिटांत सांगितलं. खारशेतचं मिठागर आणि खाडीचं तोंड धावपट्टीखाली गेलं. घरांच्या जमिनीचे पैसे ज्याचे त्याला मिळाले. मिठागर मात्र गावाचं सामाईक होतं. त्याच्या बदल्यात कंपनीने मंडळाच्या नावे तीस हजार शेअर दिले. तेव्हा भाव एकशे वीस होता. खाडी बुजल्यापासून गावच्या बेचाळीस होड्या सात किलोमीटरवरच्या दुसऱ्या खाडीत नांगरून ठेवाव्या लागत. पहाटे माणसं टेम्पोने होडीपर्यंत जात आणि मासळी टेम्पोने परत येई. डिझेल वजा जाता हातात काही उरत नसे. दोन वर्षांत नऊ होड्या विकल्या गेल्या होत्या. गावाला दक्षिणेच्या खडकावर स्वतःचा धक्का बांधायचा होता. खर्चाचा अंदाज दोन कोटी पाच लाख.

सातशे एकतीसच्या भावाने शेअरचे दोन कोटी एकोणीस लाख येत होते. धक्क्याला पुरतील इतके ते पहिल्यांदाच झाले होते. माझी साडेपाचशेची किंमत खरी ठरली, तर एक कोटी पासष्ट लाख. मग धक्का नाही.

"विकायचे तर आता, नायतर कधी, एवढंच सांगा," नाखवा म्हणाले. "रविवारी बैठक हाय."

आमच्या पेढीचे टिपणीस साहेब चष्मा पुसत म्हणाले, "गावाला सल्ला देणं आपलं काम नाही. तरी जातेस तर सुट्टी टाकून जा. आणि एकच आकडा सांग. दोन सांगितलेस तर ते दोन्ही विसरतील आणि तुझं नाव लक्षात ठेवतील."

मी सुट्टी टाकली.

पाण्यातून बाहेर आले तेव्हा एक वाजून गेला होता. माझ्या साडेपाचशेपैकी एकशे चाळीस रुपये या चौसष्ट एकरांचे होते. कंपनीच्या अहवालात जमिनीचा फोटो होता. तो ओहोटीला काढलेला असावा.

पाच वाजता नाखवांच्या पडवीत मी लॅपटॉप उघडला. आत कोणीतरी बोंबील तळत होतं. नाना पायरीवर बसून होते. गेटमधून एक तिशीची बाई निळ्या गणवेशातच आत आली आणि पर्स खुर्चीला अडकवून उभी राहिली.

"ही आमची प्रमिला," नाना म्हणाले. "विमानतळावर असते."

"असते म्हणजे तिथले संडास साफ करते," प्रमिला म्हणाली. "बाबांना सांगायला लाज वाटते, मला नाय वाटत. तुम्हीच का त्या महाग म्हणणाऱ्या ताई?"

"मीच."

"बाबांनी तुम्हाला पाणी दाखवलं. मी माणसं दाखवते." तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. सफाईच्या पाळीचा तक्ता होता, मागच्या बाजूला पेन्सिलीने आकडे. "हे कागदाचे रोल. दोन वर्षांपूर्वी आमच्या बाजूला पाळीला चाळीस लागायचे. आता नव्वद. संडास तेवढेच, बाया तेवढ्याच, रोल नव्वद."

"मुंबईची माणसं घरी नेत असतील," नाखवा म्हणाले.

"नेऊ द्या की. न्यायला आधी यायला तर लागतं ना तिथं? तुमच्या होडीत चढायला येतात का कोणी?"

नाखवांनी तोंड फिरवलं. नाना म्हणाले, "पमे, पाव्हणी हाय."

"पाव्हणीलाच सांगते. ताई, कंपनी लिहिते ते तुम्ही वाचलंत. मी रोज उचलते. शेअर विकू नका म्हणा यांना."

"रोलवरून किंमत काढता येत नाही," मी म्हटलं.

"का नाय येत?"

कंपनीच्या आकड्यांत प्रवासी वर्षाला चौदा टक्क्यांनी वाढत होते आणि मी तेच धरले होते. मी म्हटलं, "बघते." तिने तो कागद माझ्यापाशी ठेवला आणि आत चहा टाकायला गेली. आतून तिचा आवाज आला, "साखर किती?" मग ती तीन कप घेऊन बाहेर आली, चौथा स्वतःला, आणि पायरीवर वडिलांशेजारी बसून तिने बूट काढले. बारा तास उभी होती. मी जमिनीच्या रकान्यात शून्य भरलं. आकडा खाली आला. चारशे दहा. त्यानंतर मी आणखी एक-दोन आकडे बदलून पाहिले, पुन्हा होते तसे केले आणि लॅपटॉप मिटला.

रविवारी सकाळी नऊला देवळात एकशे बारा माणसं होती. घरटी एक. गावची वहिवाट अशी की सामाईक वस्तू गावाबाहेर जायची असेल तर आधी बोलणं होतं, मग देवीला कौल लावतात आणि कौल लागला की पुढे कोणी बोलत नाही. मिठागर देतानाही लावला होता. शेअर हे त्या मिठागराचंच रूप आहे, तेव्हा त्यांनाही कौल, याबद्दल कोणाला शंका नव्हती. मला खांबापाशी खुर्ची दिली होती. बाकी सगळे खाली.

"बाई काल पाण्यात उतरल्या होत्या," नाखवांनी सुरुवात केली. "नकाशावर हॉटेल हाय तिथं. त्यांनी स्वतः बघितलंय. आता त्या किंमत सांगतील. बाई, एकच सांगा."

"चारशे दहा," मी म्हटलं.

कुजबुज झाली. मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "म्हणजे आपण सातशे एकतीसला इकलं तर घेणारा फसला?"

"माझ्या मते, हो."

"तो कोण?"

"ते कळत नाही. कोणीही असेल."

"त्यालाबी कोणी बाई सांगत असंल की!"

देऊळभर हशा झाला. मीही हसले. तो प्रश्न त्या धंद्यात मला आजवर विचारला गेलेला सगळ्यात चांगला प्रश्न आहे, पण हे मला पुष्कळ नंतर कळलं.

प्रमिला बायकांच्या बाजूला होती. त्यांच्या घरचा शब्द नानांचा, म्हणून तिला मत नव्हतं. ती तरीही उठली. "ताई, जमीन शून्य धरलीत. माणसं किती धरलीत?"

"वर्षाला चौदा टक्के वाढ."

"आणि जास्त वाढली तर?"

"तर किंमत वाढेल."

"कितीपर्यंत?"

मी नाखवांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पमे, बाईंनी एक आकडा सांगितला. एकच ठरला होता. आता जर-तर काढलंस तर संध्याकाळपर्यंत बसू. होड्या काय जर-तरवर नांगरायच्या?"

"मी त्यांना विचारते."

"बस खाली," नाना म्हणाले. मोठ्याने नाही. ती बसली. मी काही बोलले नाही.

नानांनी हात धुतले. वाटीतले भिजवलेले तांदूळ घेतले, देवीच्या काळ्या पाषाणाच्या उजव्या खांद्यावर एक दाणा लावला, डाव्या खांद्यावर एक. उजवा सुटला तर विकायचं, डावा सुटला तर ठेवायचं, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं आणि हात जोडून मागे झाले. देवळात पंख्याचा आवाज तेवढा होता. मग नाखवांनी तोही बंद करायला लावला.

नऊ वाजून बावन्न मिनिटांनी उजवा दाणा घरंगळला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी हळहळलंही नाही. माणसं उठली, कपडे झटकले, नमस्कार करून पांगली. सोमवारी बाजार उघडल्यावर तासाभरात तीस हजार शेअर विकले गेले. सरासरी भाव सातशे अठ्ठावीस पडला.

त्या रविवारी माझी साडेअकराची एसटी होती. नाना मला फाट्यापर्यंत सोडायला आले. फाट्यावरच्या कठड्यावर बसल्यावर म्हणाले, "बाई, तुमच्या इद्येत मन घालायला चालतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे आकडा आपसुक येतो, का तुम्ही आणता?"

मी म्हटलं, "दोन्ही."

त्यांनी मान हलवली. "दाणा कधी पडंल ते माझ्या हातात नसतं. पण लावताना बोटाला कळतं, कुठला किती बसला. चाळीस वर्सं झाली. मी आजवर दोन्ही सारखेच लावले. मिठागर दिलं तेव्हासुदा, माझा जीव तुटत होता तरी सारखेच लावले." ते थांबले. "आज उजवा हलका ठेवला."

"का?"

"पोरगी ऐकणार नाय. नाखवा ऐकणार नाय. दोघांनाबी आपलंच खरं वाटतं. तुम्हाला त्यात काय मिळणार नव्हतं. तुम्ही पाण्यात उतरलात आणि लिवलेला आकडा कमी केलात. म्हटलं, ही खरं सांगते."

एसटी आली. मी त्यांना नमस्कार केला आणि चढले.

खरं म्हणजे मी तिथेच सांगायला हवं होतं. शनिवारी संध्याकाळी पडवीत बदलून पाहिलेले ते आकडे. प्रमिलाच्या कागदावरून मी प्रवाशांची वाढ चौदाऐवजी अठरा टक्के धरून पाहिली होती. जमीन शून्यच ठेवली, तरी किंमत सहाशे नव्वद आली. जमीन पुन्हा धरली तर आठशे तीस, बाजारभावाच्या शंभर रुपये वर. चारशे दहा आणि आठशे तीस, दोन्ही माझ्याच लॅपटॉपमध्ये होते आणि दोन्हींत चूक नव्हती. "कितीपर्यंत?" असं प्रमिलाने विचारलं तेव्हा उत्तर मला माहीत होतं. मी चारशे दहावर राहिले, कारण तो छापून आलेल्या मताशी जुळत होता आणि माझे पाय भिजले होते. पाय भिजल्यावर माणसाला आपण सत्य पाहिलं असं वाटतं.

अकरा महिन्यांनी कंपनीने त्या चौसष्ट एकरांत भराव टाकायला घेतला. मागची टेकडी फोडली. दिवसाला दोनशे डंपर. पावसाळ्यातही काम थांबलं नाही आणि दुसऱ्या वर्षीच्या उधाणाला पाणी नव्या दगडी भिंतीपाशी येऊन परत गेलं. शेअर अकराशे ऐंशीवर गेला. माझ्या टेबलावर ती बातमी आली तेव्हा मला नानांच्या मुठीतला चिखल आठवला नाही, धावपट्टी आठवली. नाना आणि नाखवा मला दर्याचं इथे चालतं म्हणून सांगत होते तेव्हा त्यांच्या पाठीमागे तीनशे मीटरवर ती होती. त्यांची स्वतःची खाडी जिथे बुजवली होती, तिथेच विमान उतरलं होतं. त्यांना दिसलं नाही ते समजू शकते. त्यांच्या तीन पिढ्यांचे बांध वाहून गेले होते. मी बाहेरची होते आणि मलाही दिसलं नाही.

नाखवांचा फोन आला नाही. प्रमिलाचा आला.

"ताई, गाव तुम्हाला शिव्या घालतंय, ते सांगायला फोन केला."

"घालू दे."

"देवीला कोण बोलणार? मग तुम्हीच."

"आणि नाना?"

"त्यांनी कौल लावायचं सोडलं. हात थरथरतो म्हणतात. भात कालवताना तर थरथरत नाय." मग तिने विचारलं, "तुमच्याशी काय बोलले का ते फाट्यावर?"

"नाही," मी म्हटलं.

पुढची हकिगत सरळ नाही. तिसऱ्या वर्षी विमानतळांचं शुल्क ठरवणाऱ्यांनी प्रवाशामागची आकारणी कमी केली आणि शेअर वर्षभरात पाचशे वीसवर आला. तेव्हा खारशेतमध्ये कोणीतरी मिठाई वाटली असं ऐकलं. मग तो पुन्हा चढला, पुन्हा उतरला. मी महाग म्हटलेला शेअर कधी माझ्या बाजूने बोलला, कधी विरुद्ध. धक्क्याच्या परवानगीचा कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जात राहिला. खडकाजवळ नवी भिंत झाल्याने प्रवाहाची पाहणी नव्याने हवी असं ठरलं. ती झाली. मग ती जुनी झाली. पैसे बँकेत मुदतठेवीत पडून आहेत. धक्क्याचा अंदाज आता चार कोटी ऐंशी लाख आहे. होड्या बेचाळीसच्या अकरा राहिल्या.

नाखवा चार वर्षांपूर्वी वारले. नाना गेल्या श्रावणात गेले. फाट्यावरचं बोलणं त्यांनी घरात कोणालाही सांगितलं नव्हतं, हे मला प्रमिलाच्या बोलण्यावरून कळतं. मीही सांगितलेलं नाही.

मी ती पेढी सोडून तीन वर्षं झाली. पेढीत असताना अभ्यासातल्या कंपनीचे शेअर स्वतः घ्यायची मनाई होती. आता नाही.

या मंगळवारी प्रमिलाचा फोन आला. विमानतळावर ती आता सफाईची पर्यवेक्षक आहे आणि मंडळाची अध्यक्षही. ठेवीची मुदत महिनाअखेर संपते आहे.

"मंडळात दोन तट पडलेत," ती म्हणाली. "निम्मे म्हणतात पैसे ठेवा, कधीतरी धक्का होईल. निम्मे म्हणतात त्याच पैशांचे पुन्हा किनाराचे शेअर घ्या, धक्का काय आपल्या हयातीत होत नाय. रविवारी बैठक हाय."

"तू कोणत्या बाजूची?"

"माझं राहू द्या. तुमचा आकडा नको मला. एक आकडा घेऊन काय झालं ते बघितलं. एवढंच सांगा: तुम्ही स्वतःच्या पैशांनी आज घ्याल का?"

"बघून सांगते."

"तेव्हापण असंच म्हणाला होतात," ती म्हणाली आणि पाळी सुरू होते म्हणून तिने फोन ठेवला.

कंपनीचे गेल्या पाच वर्षांचे अहवाल मी काढले आहेत. बुधवारपासून रोज बसते. प्रवासी वाढले आहेत, हॉटेल भरलेलं आहे, शुल्काचा नवा निर्णय दोन महिन्यांनी यायचा आहे आणि तो कोणीकडे जाईल ते कोणाला माहीत नाही. प्रमिलाला मी अजून फोन केलेला नाही. काल, शुक्रवारी, बाजार बंद होताना किनाराचा भाव आठशे एक्क्याण्णव रुपये चाळीस पैसे होता.